एनपीटीईएलचे अभ्यासक्रम: चित्रित व्याख्याने, थेट तास आणि विद्यार्थ्यांचे मत

पदवीच्या वर्गातल्या मुलामुलींना ऑनलाइन शिक्षणाबद्दल विचारले, तर बहुतेकांचे मत थेट तासाच्या बाजूने पडते आणि अभ्यास मात्र ते चित्रित व्याख्यानांवरच करतात. बोलणे आणि करणे यांतल्या या अंतरामागे काय आहे हे पाहायचे असेल, तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सेवेसारखी सोयीची जागा दुसरी नाही. कारण तिथे एकाच अभ्यासक्रमात आधी चित्रित केलेली व्याख्याने आणि प्रश्न सोडवण्याचे थेट तास शेजारी शेजारी चालतात, आणि कोणाला कशाचा उपयोग होतो हे एका सत्रात दिसून येते. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि आमच्याकडच्या एनपीटीईएल लोकल चॅप्टरचे, म्हणजे महाविद्यालयातल्या शाखेचे, काम पाहतो. मुलांची नोंदणी करून घेणे, तारखांची आठवण देणे आणि निकालानंतर श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कागद परीक्षा विभागाकडे पोहोचवणे एवढेच ते काम आहे, पण त्या निमित्ताने मुले जे मोकळेपणाने बोलतात ते वर्गात बोलत नाहीत. हे परीक्षण बरेचसे त्या बोलण्यावर आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ‘हवे तेव्हा, हव्या त्या गतीने शिका’ असा या सेवेचा लौकिक आहे, पण ती चालते ती तिच्यात हवे तेव्हा शिकण्याची मुभा मर्यादित आहे म्हणून. व्याख्यान केव्हाही पाहा, पण गृहपाठ ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत द्या, या एका अटीने जे साधते ते अनेक महागड्या ॲपांच्या रोजच्या थेट तासांना साधत नाही. थेट तासाची जागाही या सेवेत आहे, मात्र ती शिकवण्याची नसून अडलेले सोडवण्याची आहे, आणि मुलांना थेट तासातून खरोखर हवे असते तेही एवढेच.

ज्यांना या सेवेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. सुरुवातीला ती केवळ व्याख्यानांची साठवण होती. एक प्राध्यापक, एक फळा आणि जवळजवळ तासभर न हलणारा कॅमेरा, असे तिचे रूप असे. २०१४ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम सुरू झाले आणि ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आल्यावर अभियांत्रिकी विषयांची राष्ट्रीय समन्वयक म्हणून जबाबदारी एनपीटीईएलकडे गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एखाद्या सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतच्या विषयांचे श्रेयांक स्वयम्‌वरून घेण्याची मोकळीक दिली. त्याआधी ही मर्यादा २० टक्के होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता श्रेयांकांची बँक, मुक्त निवडीचे विषय वगैरे शब्द प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येतात. हौसेने येणारी मुले पूर्वीही होती, परंतु आता श्रेयांकांसाठी येणाऱ्यांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी झाली आहे आणि त्यामुळे मुलांच्या तक्रारींचे स्वरूपही पालटले आहे.

अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि त्यांचे अनुक्रमे १, २ आणि ३ श्रेयांक धरले जातात. दर आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने खुली होतात, ती बहुधा अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत असतात, आणि त्यांच्या खाली त्या आठवड्याचा गृहपाठ असतो. शिकणे फुकट आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिला वर्षानुवर्षे एका विषयामागे हजार रुपये पडत आले आहेत, आणि परीक्षा घरी बसून देता येत नाही. केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, तीन तास बसून द्यावी लागते. अंतिम गुणांत गृहपाठाचे २५ आणि परीक्षेचे ७५ टक्के धरतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ गृहपाठ मोजले जातात, म्हणजे चार आठवडे हुकले तरी चालते. उत्तीर्ण व्हायला गृहपाठात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात, दोन्ही वेगवेगळे. एकूण ६० च्या पुढे ‘एलिट’, ७५ पासून त्यावर रौप्य आणि ९० पासून सुवर्ण अशी श्रेणी प्रमाणपत्रावर छापून येते, आणि नोकरीच्या मुलाखतीत या शब्दांना किंमत आहे असे मुलांचे ठाम मत आहे.

गृहपाठाची मुदत बहुतेक वेळा बुधवारी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांची असते. ज्याने या मुलांच्या वसतिगृहात एखादी बुधवारची रात्र पाहिली आहे, त्याला ‘स्वगतीने शिकणे’ या कल्पनेबद्दल वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. सोमवारपर्यंत कोणीही काही उघडलेले नसते. मंगळवारी दोन-चार अभ्यासू मुले व्याख्याने संपवतात. बुधवारी रात्रीचे जेवण झाले की उरलेला सगळा मजला दीडपट वेगाने बोलणाऱ्या प्राध्यापकांच्या आवाजाने भरून जातो, आणि साडेअकरानंतर कोणाचे उत्तर कोणाशी जुळते याची चौकशी खोल्याखोल्यांतून सुरू होते. हे आदर्श शिक्षण नव्हे हे मलाही कळते, परंतु आठवड्यातून एकदा तरी पुस्तक उघडायला लावणारी दुसरी कोणतीही व्यवस्था आमच्या महाविद्यालयात इतक्या नेमाने चालत नाही, तोंडी परीक्षासुद्धा नाही. मुदतच नसलेल्या अभ्यासक्रमांचे याच मुलांनी काय केले ते विचारले, तर फोनमधल्या अर्धवट सोडलेल्या यादीवर बोट फिरवत ती हसतात.

चित्रित व्याख्यानाबद्दल मुलांना काय आवडते, याचे उत्तर पहिल्यांदा अपेक्षेप्रमाणेच येते: थांबवता येते, मागे नेता येते, वेग वाढवता येतो. पण जरा खोलात शिरले की प्रत्येकाचे कारण वेगळे निघते. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेली एक मुलगी मला म्हणाली, “सर, वर्गात एखादा शब्द नाही कळला की मी तिथंच अडते आणि पुढची दोन वाक्यं निघून जातात. इथं मी थांबवते, शब्द बघते आणि परत सुरू करते.” ती व्याख्यान पाऊण वेगाने, खाली इंग्रजी अक्षरे लावून पाहते. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला तिला तास लागतो आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी तेच व्याख्यान पावणेदोन पटीने उरकते. एका वर्गात या दोघी एकाच बाकावर बसतात आणि शिकवणाऱ्याची गती दोघींनाही चुकीची असते, हे अशा वेळी शिक्षक म्हणून मनाला लागते.

रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांचे कारण आणखी निराळे आहे. महाविद्यालयाच्या वायफायवर आठवड्याची व्याख्याने उतरवून घ्यायची आणि गाडीत जागा मिळाली तर पाहायची, असा त्यांचा क्रम असतो; घाटात रेंज जाते, पण उतरवून घेतलेल्या व्याख्यानाला रेंज लागत नाही. घरून येणाऱ्या मुलींचे कारण बोलण्यात सहसा येत नाही, तरी मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. थेट तास ठेवले जातात ते बहुधा संध्याकाळी, आणि संध्याकाळची वेळ घरात त्यांची स्वतःची नसते. स्वयंपाक, धाकट्यांचा अभ्यास, पाहुणे हे सगळे उरकल्यावर, घर झोपल्यावर, रात्री साडेदहानंतर त्यांचा दिवस सुरू होतो, आणि त्या वेळी कोणीही थेट शिकवत नाही. ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावर मुलींना उपदेश करणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावे.

आता थेट तासाकडे वळू. एनपीटीईएलच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना जोडून दर आठवड्याला प्रश्न सोडवण्याचे थेट सत्र असते आणि ते पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीवर काम करणारे पीएचडीचे विद्यार्थी घेतात. ही कल्पना उत्तम आहे, कारण शिकवणारा आणि शिकणारा यांच्या वयात फार अंतर नसते आणि ‘हे मलासुद्धा पहिल्यांदा कळले नव्हते’ हे वाक्य तिथे खरेखुरे ऐकू येते. उपस्थिती मात्र मोजकीच असते. नोंदणी हजारांच्या घरात असलेल्या अभ्यासक्रमाच्या थेट सत्रात मूठभर नावे दिसतात, आणि त्यांतलीही बरीच कॅमेरा बंद, माइक बंद अशी काळ्या चौकोनांत बसलेली असतात.

तरीही त्या सत्राचा उपयोग काय असतो, ते एका उदाहरणाने सांगतो. आयआयटी रोपडचा पायथनचा अभ्यासक्रम आमच्याकडे फार लोकप्रिय आहे, कारण त्यातले शिकवणे गप्पांच्या अंगाने जाते आणि प्रोग्रामिंगची भीती मोडते. अशा अभ्यासक्रमांच्या गृहपाठात लिहिलेला प्रोग्राम संगणकच तपासतो. काही चाचण्या विद्यार्थ्याला दिसतात आणि काही मुदत संपेपर्यंत लपवलेल्या असतात. प्रोग्राम बरोबर असूनही शेवटी एक जादा ओळ छापली गेली, तर पडद्यावर ‘पास्ड आफ्टर इग्नोअरिंग प्रेझेंटेशन एरर’ असा शेरा येतो. या शेऱ्याने नवख्या मुलांची जी घालमेल होते ती पाहण्यासारखी असते: पास म्हणजे पास, की चूक म्हणजे चूक? व्याख्यानात याचे उत्तर नसते, कारण प्राध्यापक पायथन शिकवत असतात, तपासणाऱ्या यंत्राचा स्वभाव शिकवत नसतात. एका थेट सत्रात आमच्या एका मुलाने हाच प्रश्न चॅटमध्ये टाकला, तेव्हा शिकवणाऱ्याने स्वतःचा पडदा दाखवून एक ओळ जादा छापून दाखवली, मग ती काढून दाखवली आणि लपवलेल्या चाचण्यांसाठी शून्य, ऋण आणि खूप मोठी संख्या स्वतः घालून पाहायची सवय लावा असे सांगितले. सगळे मिळून पाच-सात मिनिटांचे काम. त्या मुलाने पुढच्या सगळ्या गृहपाठांत आधी शून्य घालून प्रोग्राम तपासला. हे थेट तासातच होऊ शकते आणि त्यासाठी दोन तासांची सक्तीची हजेरी लागत नाही.

मग मुले थेट तास हवा म्हणतात आणि येत नाहीत, हे का? याचे पहिले उत्तर त्यांच्या वयात आहे. आज पदवीला असलेली मुले २०२० च्या टाळेबंदीत शाळेत होती. थेट ऑनलाइन तासाची त्यांची पहिली ओळख आठवी-नववीत झाली, घरातला एकच फोन भावंडांत वाटून घेत झाली, आणि त्या तासात हजेरी लावून पांघरुणात शिरण्याची कलाही त्यांना तेव्हाच साधली. झूमच्या फुकटच्या बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा होती, ती संपली की तास तुटायचा आणि पुन्हा जोडला जाईपर्यंत अर्धा वर्ग पसार झालेला असायचा. त्या दिवसांत शिक्षकांनी जिवापाड धडपड केली, पण मुलांच्या मनात ‘ऑनलाइन लाइव्ह’ म्हणजे बंद कॅमेरा आणि ‘प्रेझेंट सर’ हे जे समीकरण बसले ते अजून सुटलेले नाही. त्यांना हवा असतो तो प्रत्यक्ष वर्गातला तास, आणि प्रश्नावलीत त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय म्हणून ती थेट तासावर खूण करतात.

दुसरे कारण लाजेचे आहे. घरात आई-वडील, आजी, शेजारचे कोणी बसलेले असताना माइक सुरू करून इंग्रजीत प्रश्न विचारायचा, तोही आयआयटीच्या माणसाला, हे धाडस थोड्यांच्याच अंगी असते. चॅटमध्ये लिहायचे म्हटले तर स्पेलिंग चुकण्याची भीती असते. चर्चामंचावर सावकाश, दोनदा वाचून, मित्राकडून तपासून घेऊन प्रश्न टाकता येतो, म्हणून काही बुजरी मुले तिथे चांगली रमतात. मात्र मंच किती जिवंत आहे हे त्या त्या अभ्यासक्रमाच्या सहायकांवर अवलंबून असते. आमच्याकडे मी आता असे करतो, की थेट सत्राच्या वेळी प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या पडद्यावर ते लावायचे, मुलांनी समोर बसून मराठीत प्रश्न सांगायचा आणि आमच्यापैकी एकाने तो टाइप करायचा. प्रश्नांची संख्या लगेच वाढली. घरून जोडले जाणारे तितके वाढले नाहीत.

थेट तासाला मोठी किंमत लावून विकणाऱ्या खासगी ॲपांशी तुलना मुले स्वतःच करतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे. एका नामांकित म्हणवणाऱ्या क्लासच्या वार्षिक योजनेत आमच्या काही विद्यार्थ्यांनी घरून बरेच पैसे आणून प्रवेश घेतला होता. जाहिरातीत रोज थेट तास असे छापलेले होते. काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आले, की ‘लाइव्ह’ असा लाल शिक्का मिरवणारे तास आधीच चित्रित केलेले आहेत आणि थेट असतो तो फक्त बाजूचा चॅट, ज्यात उत्तरे देणारा माणूस विषयाचा जाणकार नाही. मुलांना चित्रित व्याख्यानाचे वावडे नव्हते. तीच मुले एनपीटीईएलवर ते आवडीने पाहत होती. चीड आली ती त्यावर लाल शिक्का मारून दर वाढवला याची. पैसे परत मिळाले नाहीत.

विकत घ्यायची नसलेली पण मुलांना फारशी ठाऊकही नसलेली एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे दहाएक मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींचे भांडार मुक्त सॉफ्टवेअर शिकण्यासाठी आहे आणि त्यातल्या पुष्कळ फिती मराठीत ऐकायला मिळतात. फीत चालू ठेवायची, शेजारी सॉफ्टवेअर उघडायचे आणि ऐकू येईल तसे करत जायचे, एवढीच पद्धत. थेट शिक्षकाची गरज पडू नये अशा बेताने संहिता लिहिलेली असल्यामुळे ‘स्वतःचे स्वतः’ शिकण्याचा हा सर्वांत शुद्ध नमुना म्हणता येईल. त्यात भव्यता नाही, रंगसंगती जुनाट आहे, पण लॅटेक किंवा सायलॅब शिकायला आलेला मुलगा दोन-तीन बैठकांत कामापुरता तयार होतो. ज्या कौशल्याचा एक टप्पा दहा मिनिटांत दाखवून संपतो त्याला मुदतही लागत नाही आणि थेट तासही लागत नाही. ज्या विषयात चौथ्या आठवड्याचे न कळल्याने नववा आठवडा अडतो तिथे दोन्ही लागतात. विद्यार्थ्यांच्या मतांत जो गोंधळ दिसतो तो बराचसा या दोन प्रकारच्या विषयांबद्दल एकाच दमात बोलण्यामुळे दिसतो.

एनपीटीईएलच्या उणिवाही कमी नाहीत. गृहपाठ हा त्यातला कच्चा दुवा आहे. बहुतेक विषयांत तो बहुपर्यायी प्रश्नांचा असतो, मुदतीपर्यंत कितीही वेळा बदलून देता येतो आणि त्याची उत्तरे दर आठवड्याला टेलिग्रामच्या गटांवर व यूट्यूबवर ‘संभाव्य उत्तरे’ या सभ्य नावाने फिरत असतात. परिणामी गृहपाठात जवळजवळ सगळेच पंचविसाच्या आसपास असतात आणि परीक्षेत ७५ पैकी तिशी गाठतानाही काहींची दमछाक होते. मुले हे लपवत नाहीत. “गृहपाठ आम्ही करतो सर, पण आम्हीच करतो असं नाही,” असे एकाने मला सरळ सांगितले होते. पंचवीस टक्क्यांचा हा भाग थोडा कमी करून त्याच्या जागी थेट सत्रात पाच मिनिटांची छोटी चाचणी घेतली, तर थेट सत्रांना कारण मिळेल आणि गृहपाठाला वजन, असे माझे मत आहे. मात्र संध्याकाळी मोकळ्या नसलेल्या मुलींचे काय, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही हे मान्य केले पाहिजे.

व्याख्यानांचा दर्जा एकसारखा नाही. काही प्राध्यापक कॅमेऱ्याकडे पाहून, उदाहरणे सोडवत, विद्यार्थी समोर आहे असे समजून बोलतात. काही जण अक्षरांनी गच्च भरलेल्या पारदर्शिका वाचून दाखवतात आणि अशा वेळी वेग वाढवण्याचे बटण ही त्या तासातली सर्वांत उपयोगी सोय ठरते. नावनोंदणीपूर्वी पहिल्या आठवड्यातले एक आणि मागच्या सत्रातल्या सहाव्या-सातव्या आठवड्यातले एक व्याख्यान पाहून घ्यावे. पहिले व्याख्यान सगळेच चांगले देतात. जुन्या सत्रांची व्याख्याने यूट्यूबवर खुली असतात, त्यामुळे हे अवघड नाही.

भाषेचा प्रश्न आहेच. काही अभ्यासक्रमांचे लेखी भाषांतर मराठीतही उपलब्ध आहे आणि ते होत आहे याचे स्वागत करायला हवे, परंतु त्यातली भाषा वाचून अर्थ लावण्यापेक्षा मूळ इंग्रजी पुन्हा ऐकणे सोपे वाटते असे सांगणारी मुले मला भेटली आहेत. त्यांना पुस्तकी परिभाषेचे अवडंबर नको आहे. ‘लूप’ला ‘लूप’च म्हणा, पण तो का फिरतो ते मराठीत सांगा, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि आमचे प्रयोगशाळा सहायक हे काम रोज विनासायास करत असतात. दर आठवड्याचे एक थेट सत्र मराठी बोलणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने अशा मिश्र भाषेत घेतले, तर उपस्थितीचे चित्र पालटेल असे मला वाटते.

परीक्षा केंद्राचे अंतर हाही मुलांच्या बोलण्यात वारंवार येणारा विषय. केंद्र मोठ्या शहरात मिळाले की सकाळी नवाच्या सत्रासाठी पहाटेची गाडी धरावी लागते, आणि मुलगी एकटी जाणार असेल तर वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. परीक्षा घरून व्हावी अशी मागणी त्यातूनच येते. मला ती पटत नाही. या प्रमाणपत्राला आज जी पत आहे ती केंद्रावर समोरासमोर घेतलेल्या परीक्षेमुळे आहे. ती घरी आली की बुधवारच्या गृहपाठासारखी तिची गत होईल. महाविद्यालयांनी मुलांसाठी गाडी करावी, निदान शुल्क परत द्यावे. काही महाविद्यालये उत्तीर्ण झालेल्यांना ते देतात.

ज्यांना याच साच्याचे पूर्ण पदवीचे रूप पाहायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे. तिथेही व्याख्याने चित्रित, गृहपाठ साप्ताहिक, परीक्षा केंद्रावर आणि थेट सत्रे शंकांसाठी, अशीच वाटणी दिसते. आमच्याकडची नियमित पदवी करता करता तो अभ्यासक्रमही करणारी मुले भेटतात आणि थेट सत्राचे चित्रण नंतर पाहता येते ही त्यातली सोय त्यांना फार आवडते. चित्रण मिळणार हे कळले की प्रत्यक्ष सत्राला कोण येणार, ही शंका रास्त आहे. पण येणारे थोडेच असले तरी प्रश्न तेच विचारतात आणि ऐकणारे बाकीचे नंतर ऐकतात. वर्गातही याहून निराळे काय घडत असते? आपल्याकडे हे सगळे अगदीच नवे आहे असेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी वाचायची पुस्तके आणि अभ्यास केंद्रावरची संपर्क सत्रे या जोडीवर चालत आले आहे, आणि नोकरी करून शिकणाऱ्या आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची पदवी त्या जोडीतूनच आली.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा कापला आहे तो अर्धा गृहपाठासाठी आणि अर्धा मराठीतल्या थेट सत्रांच्या अभावासाठी. पहिल्यांदाच नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याने बारा आठवड्यांच्या मागे न लागता आठ आठवड्यांचा, आपल्या चालू सत्रातल्या एखाद्या विषयाला जवळचा अभ्यासक्रम घ्यावा. म्हणजे अडले तर महाविद्यालयातल्या शिक्षकाला विचारता येते. नाव घालणे आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि दुसरीची मुदत अभ्यासक्रम चालू असतानाच संपते, हे दर सत्रात कोणीतरी विसरतेच. थेट सत्राला जाणार असाल तर व्याख्यान आधी पाहून आणि प्रश्न वहीत लिहून जा. प्रश्न नसेल त्या आठवड्यात गेला नाहीत तरी काही बिघडत नाही.